आमच्या लाँड्रीच्या फोनला कुलूप

डॉक्टरने माझ्या नाकातून घशात नळी घातली तेव्हा मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण नळी आत असताना माणसाला काही सुनावता येत नाही. ही सोय डॉक्टर लोकांनी फार विचार करून केलेली असावी. तो आत बघत राहिला, बघत राहिला आणि मग म्हणाला, "हं."

आजवर मी मोठमोठ्या माणसांची लांबलचक भाषणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडलेली आहेत, पण त्या एवढ्याशा 'हं'ने माझे पाय गार पडले. मग त्याने आतला कणभर तुकडा चिमट्याने काढला, बाटलीत घातला आणि तपासायला पाठवला.

"रिपोर्ट आला की मी स्वतः फोन करीन," तो म्हणाला.

"वाईट आला तर?" मी विचारलं. म्हणजे माझा जो काही आवाज उरला होता त्यात विचारलं.

"कसाही आला तरी मीच करीन."

आता यात सांगितलं काय? काही नाही. शिकलेली माणसं काही न सांगण्यासाठी किती वाक्यं खर्च करतात! माझं शिक्षण पाटी फुटेपर्यंत झालं, पुढे नवी पाटी कुणी घेऊन दिली नाही. पण मला कुणी काही विचारलं तर मी उत्तर देते.

मी त्याला लाँड्रीचा जुना नंबर दिला. मला तोंडपाठ असलेला तेवढाच. माझ्या नावावर एक मोबाईल आहे, पण तो नातवंडांच्या हातात असतो. शिवाय माझा एक कान कधीच कामातून गेलाय आणि दुसरा मनाला येईल तेव्हा काम करतो, त्यामुळे मोबाईल स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही. आणि स्पीकरवर काय ऐकायचं? 'आजी, तुमच्या घशात अमुक निघालं'? ते ऐकायला दोन्ही नातवंडं, सून आणि आमचे हे? त्यापेक्षा आमच्या घडीच्या खोलीतला फोन बरा. धुतलेल्या चादरींच्या घड्या घालतो ती खोली. दार लावायचं, चादरींच्या थप्पीमागे बसायचं, भिंतीवरच्या फोनचा आवाज पूर्ण वाढवायचा. आपण आणि डॉक्टर. तिसरं कुणी नाही.

घरी मी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलच्या चादरींचं बोलायला जाते म्हणून गेले होते. घशाचा दवाखाना त्या हॉस्पिटलला लागूनच, म्हणजे खोटंही अर्धंच. पण सांगून काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या किल्ल्या गेल्या, मग त्यांना विचारणं गेलं आणि मग सगळे त्यांच्याशी मोठ्याने, हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. किल्ल्या कुणी घेतल्या ते सांगायची गरज नाही. त्या अजून माझ्याकडेच आहेत. तेव्हा रिपोर्ट कसाही येवो, तो आधी मला कळला पाहिजे, एकटीला. मग कुणाला काय, किती आणि कधी सांगायचं ते मी बसून ठरवीन. आमची लाँड्री अशीच चालत आलेली आहे.

वाट बघणं मला जमत नाही. म्हणून मी मध्येच एकदा घडीच्या खोलीत दार लावून दवाखान्यात फोन केला. रिपोर्ट आला नव्हता. एवढंच नशीब की नेमकी त्याच वेळी बाहेरची सगळी मशिनं बंद पडली होती, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. बाहेर येऊन मी मुकादमाला मशिनं बंद ठेवल्याबद्दल झाडलं, ते वेगळं.

तर एवढ्यावर सगळं ठीक होतं. मग वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनबाई पडदे इस्त्रीला घेऊन आल्या.

टेलिफोनबाईंनी सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात केली. दोरीची खुंटी या भोकात, त्या भोकात, अशा काळातल्या. माझा थोरला मुलगा त्यांना आमचे नवे फोन कौतुकाने दाखवत होता. आमच्या थोरल्याला नवीन वस्तू घ्यायला कारण लागत नाही, जुनी वस्तू चालू आहे एवढं त्याला पुरतं. त्याने मागेच काउंटरवर, मशिनघरात, इस्त्रीच्या खोलीत आणि घडीच्या खोलीत स्क्रीनवाले फोन बसवले होते. या फोनची तार म्हणे फोनच्या खांबाकडे जात नाही, इंटरनेटच्या डब्यात जाते. आपल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, तुकडे पाकिटांत भरले जातात, पाकिटं पळत जातात आणि तिकडे परत जुळतात. मी म्हटलं होतं, "चादरी अशा पाठवल्या तर हॉस्पिटलवाले आपल्याला आत टाकतील."

टेलिफोनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पाकिटं बंद असतात की उघडी?"

थोरला म्हणाला, "उघडीच असतात तशी. पण कोण बघतंय?"

"आम्ही बघायचो," टेलिफोनबाई म्हणाल्या आणि पडदे मोजायला लागल्या.

"म्हणजे? तुम्ही लोकांचं बोलणं ऐकायचात?" मी विचारलं.

"ऐकायचं नसायचंच हो. पण खुंटी घातली की कानात यायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या छातीत पाणी झालं, आम्हाला घरच्यांच्या आधी माहीत असायचं."

कुणाच्या छातीत पाणी झालं! माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी तो पदर सारखा करण्याच्या कामाला लावला.

त्या वर गेल्यावर मी थोरल्याला धरलं. "खरं सांग. ऐकता येतं?"

"आई, त्याला तांत्रिक ज्ञान लागतं."

"तुला येतं?"

या प्रश्नाला माझा मुलगा आजवर कधी नाही म्हणालेला नाही. त्याने कॉम्प्युटर उघडला, कसला तरी प्रोग्रॅम चालू केला आणि मला सांगितलं, जा, घडीच्या खोलीतून कुणालाही फोन कर. मी हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठीवरच्या बाईला फोन केला, उशांच्या अभ्र्यांवरचे डाग काढायला आम्ही जादूगार नाही असं सांगितलं आणि परत आले. त्याने एक बटण दाबलं. कॉम्प्युटरमधून माझा आवाज आला.

मला वाटलं होतं भीती वाटेल ती कुणीतरी ऐकतंय याची. ती वाटली, पण नंतर. आधी त्या आवाजाचीच वाटली. माझाच आवाज, पण त्याच्या खालून कुणीतरी पत्रा घासत होतं. रोज आतून ऐकताना तो एवढा वाईट वाटत नव्हता. हा बाहेरून ऐकणाऱ्या कुणालाही कळलं असतं की या बाईच्या घशात काहीतरी आहे. मी थोरल्याकडे बघितलं. तो स्क्रीनकडे बघून खूश होता.

"बघ, किती स्वच्छ आलंय!"

"आणि आठवड्यापूर्वीचा एखादा फोन? तो निघेल?"

"तेव्हा कुणी साठवला असेल तर. पण साठवला की नाही ते आपल्याला कळायला मार्ग नाही."

"कोण साठवेल?"

"आपल्याच नेटवर्कवर बसलेलं कुणीही."

आणि आमच्या नेटवर्कवर कोण बसतं? कपडे न्यायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक! काउंटरसमोर बाक आहे, भिंतीवर पासवर्ड चिकटवलेला आहे, थोरल्याचीच कल्पना. त्या दिवसापासून बाकावर मान खाली घालून बसलेला प्रत्येक माणूस मला माझा घसा ऐकत बसलेला दिसायला लागला. एक जण कानात बोंडं घालून, डोळे मिटून हळूहळू मान डोलवत होता. एवढं मन लावून माणूस परक्याचंच बोलणं ऐकतो. मी काउंटर ओलांडून गेले आणि त्याच्या कानातलं एक बोंड काढून माझ्या बऱ्या कानाला लावलं. एक बाई गोड आवाजात सांगत होती, "घसा सैल सोडा. सगळी चिंता बाहेर सोडा."

मी बोंड परत दिलं. त्याचे शर्ट तयार नव्हते, तरी मी त्याला देऊन टाकले. दुसऱ्या कुणाचे होते, हे संध्याकाळी कळलं.

जेवताना मी जाहीर केलं, "फोनला कुलूप लावायचं. त्या उघड्या पाकिटांना. उद्याच."

"का?" आमच्या ह्यांनी विचारलं. हे फार बोलत नाहीत. जेवढं बोलतात ते नेमकं नको तिथे.

"कोपऱ्यावरची लाँड्री आपली गिऱ्हाइकं चोरतेय. आपले भाव ऐकतात ते."

"भाव तर आपण पाटीवर लिहून बाहेर लावलेत."

"जेवा तुम्ही," मी म्हटलं.

सून माझ्याकडे बघत होती. ही मुलगी हिशेबाला बसते आणि बघते. बोलत नाही. बोलणाऱ्या सुनेला उत्तर देता येतं, बघणाऱ्या सुनेचं काय करायचं?

फोनवाला आला. किडकिडीत, पाठीला पिशवी आणि एका कानात कायमचं यंत्र, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की आणखी कुणाशी ते शेवटपर्यंत कळायचं नाही. त्याने फोन उघडले, झाकले, कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि प्रत्येक फोनच्या स्क्रीनवर बोलताना एक छोटं कुलपाचं चित्र दिसायला लागलं.

"झालं, मावशी. एन्क्रिप्शन चालू. आता पाकिटं बंद. मधे कुणी पकडली तरी नुसती खरखर ऐकू येईल."

माझा आवाज तसाही खरखरच होता, पण ते मी बोलले नाही. त्याला चहा दिला, वर एक चादर फुकट धुऊन देईन असंही म्हणाले. आनंदात माणूस वाहवत जातो.

तो आनंद समोरच्या कुलूपवाल्याच्या दुकानापर्यंत टिकला. या माणसाने जन्मभर कुलपं दुरुस्त केली. त्याला सांगितल्याशिवाय मला राहवेना.

"वहिनी, कुलूप लावलंत, उत्तम. पण पलीकडचा माणूस ते उघडतो कसा?"

"किल्लीने उघडत असेल."

"ती किल्ली त्याच्याकडे पोचते कशी?"

मी परत आले. फोनवाला पिशवी भरत होता. मी विचारलं. तो कानातल्या यंत्राशी थोडं बोलला, मग माझ्याशी बोलला. फोनमध्ये म्हणे दोन गोष्टी चालतात. एक आपलं बोलणं. दुसरा निरोप, म्हणजे कोण कुणाला लावतोय, घंटी वाजली, उचलला, ठेवला. त्याला सिग्नलिंग म्हणायचं. कुलपाची किल्ली त्या निरोपातून जाते.

"आणि निरोप बंद असतो का?"

"निरोप... तो उघडा आहे. तुम्ही नुसतं बोलणं बंद करा म्हणाला होतात."

मी कुलूपवाल्याला ही बातमी दिली नाही. पण सुनेने त्याला दिली असावी, कारण दुपारभर त्याच्या दुकानातून हसण्याचा आवाज येत होता. कुलूप लावलं आणि किल्ली कडीला टांगून ठेवली! ज्या बाईच्या कमरेला या घराच्या सगळ्या किल्ल्या आहेत त्या बाईने!

पण हसण्याचं मला एवढं लागलं नाही, जेवढं दुसऱ्या गोष्टीचं लागलं. निरोप उघडा, म्हणजे कोण कुणाला फोन करतोय ते उघडं. म्हणजे बोलणं कितीही बंद ठेवा, लाँड्रीतून घशाच्या दवाखान्याला फोन गेला, घशाच्या दवाखान्यातून लाँड्रीला फोन आला, हे बाकावरच्या कुणालाही दिसणार. चादरी धुणाऱ्याला घशाचा डॉक्टर कशाला फोन करतो? चादरींना घसा नसतो. त्या विचाराने मला गिळताना दुखायला लागलं. आधी दुखत नव्हतं. की दुखत होतं? भीती वाटायला लागली की शरीर हवी ती साक्ष द्यायला तयार होतं.

"निरोपालाही कुलूप लाव," मी फोनवाल्याला सांगितलं.

त्यासाठी प्रत्येक फोनला ओळखीचा दाखला लागतो म्हणे, मी खरंच अमक्या लाँड्रीचा फोन आहे असा. दाखले आले. फोनवाल्याने ते बसवले आणि सगळे फोन एकदा बंद करून पुन्हा चालू केले. मग एकही फोन लागेना. स्क्रीनवर नुसतं फिरणारं वर्तुळ. तासाभराने कारण सापडलं. बंद करून चालू केल्यावर फोनांची घड्याळं मागे गेली होती. पार कुठल्या तरी जुन्या सालात. आणि दाखला तर आजचा. फोन दाखला बघायचा आणि म्हणायचा, हा कागद अजून जन्मलाच नाही, मी कसा मानू? सरकारी ऑफिसातला माणूससुद्धा एवढा कडक नसतो, तो निदान उद्या या म्हणतो.

तोपर्यंत हॉस्पिटलच्या दोन गाड्या येऊन उभ्या, चादरींच्या पेट्या भरायच्या आणि मशिनघरातल्या माणसाला इस्त्रीच्या खोलीत काही सांगायचं तर पळत जावं लागायचं. थोरल्याने मोबाईलवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि माझ्यासाठी स्पीकरवर ठेवला. पहिलंच वाक्य काय तर, "आपलं संभाषण ध्वनिमुद्रित केलं जात आहे."

"कुणी ऐकू नये म्हणून आम्ही फोन करतोय आणि हे टेप करून घेतात!" मी ओरडले.

"आई, ते सगळ्यांनाच तसं म्हणतात."

"मग सगळ्यांचंच ऐकत असतील."

पंधरा गाणी ऐकवून झाल्यावर एक मुलगी आली. तिला सगळं कळलं. घड्याळ ती तिकडूनच पुढे करून देणार होती. "फक्त आधी तुमची ओळख पटवायला हवी, सर. तुमच्या नोंदलेल्या नंबरवर आत्ता एक फोन येईल, तो उचला."

"नोंदलेला नंबर म्हणजे लाँड्रीचा. तोच तर बंद आहे."

"हो सर. पण फोन त्याच नंबरवर येईल."

"बंद फोनवर?"

"आपण उचलला नाहीत तर आम्ही विनंती रद्द करू, सर."

शेवटी फोनवाल्याने प्रत्येक फोनसमोर उभं राहून घड्याळ हाताने पुढे केलं. अखेर निरोपाला कुलूप लागलं, बोलण्याला कुलूप लागलं. त्याने जाताना एक शंका काढली. "मावशी, काही फोन कुलपाशिवायचे येतील. त्यांना येऊ द्यायचं की नाही? म्हणजे जमलं तर कुलूप, नाही जमलं तर तसंच, असंही ठेवता येतं."

"नाही जमलं तर तसंच? दार लागलं तर लागलं, नाही तर उघडं? असलं कुलूप कुठे असतं का? कुलूप नसेल तर कुणाचंही काही आत येता कामा नये."

"मग ती जुनी डबी बंद पडेल. तिला कुलूप लागत नाही." भिंतीवर धूळ खात पडलेली एक डबी त्याने दाखवली.

"तिच्यावर आता कोण फोन करतंय?" थोरला म्हणाला. "बिलावर नवा नंबर आहे. करू दे बंद."

"काढून फेकून दे ती डबी," मी म्हटलं. धूळ मला दुकानात चालत नाही.

त्यानंतर शांतता सुरू झाली. आधी ती मला आवडली. फोन वाजायचे, हॉस्पिटलचे, हॉटेलांचे, प्रत्येकावर कुलपाचं चित्र. फक्त डॉक्टरचा फोन येत नव्हता.

एक दिवस गेला, मी म्हटलं, डॉक्टरला कामं असतात. आणखी दिवस गेले, मी म्हटलं, प्रयोगशाळेत गर्दी असेल. मग मी म्हणायचं थांबले. चांगली बातमी असती तर त्याने केव्हाच सांगून टाकली असती, चांगली बातमी सांगायला वेळ लागत नाही. वाईट बातमीसाठी माणूस शब्द शोधतो. हा शब्द शोधतोय. एवढे दिवस शब्द शोधावे लागतात, म्हणजे बातमी केवढी असेल? आपण फोन करावा असं हजारदा मनात आलं. पण 'मी स्वतः करीन' म्हणालेल्या माणसाला आपण करायचा म्हणजे मागे लागल्यासारखं होतं, आणि मी कुणाच्या मागे लागलेली नाही. हे मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे घडीच्या खोलीत जाऊन रिसीव्हरवर हात ठेवायची आणि हात उचलायचा नाही. न विचारलेलं अजून झालेलं नसतं.

मी चादरींच्या थप्पीमागे बसून वाटण्या करायला लागले. काउंटर सुनेकडे. इस्त्रीच्या खोलीकडे ह्यांनी बघावं, पण ह्यांना कुणी सांगायचं की वाफेचा नळ आधी अर्धा फिरवायचा? गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं हे या घरात कुणालाच येत नाही, ते शिकवायचं राहिलं. किल्ल्यांपाशी आले की माझी वाटणी अडायची. थोरला हरवणार. हे कुठेतरी ठेवणार. उरली कोण? उरली बघणारी.

ती दार न वाजवता आत आली. हातात चहाचा कप. तो तिने थप्पीवर ठेवला, स्वच्छ चादरींवर! मी बोलणारच होते.

"आई, डॉक्टरांचा फोन आला नाही का अजून?"

मी कपाखालच्या चादरीवर डाग पडलाय का ते बघायला लागले. "कुठल्या डॉक्टरांचा?"

"घशाच्या. तुकडा तपासायला गेलाय त्याचा."

"कुणी ऐकलं? कुठून ऐकलं? नेटवर्कवरून?"

"नाही हो. तुम्ही इथे दार लावून बोलत होतात ना तेव्हा. आई, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही फोनवर ओरडता. 'तुकडा घशातला आहे, कपड्याचा नाही' हे काउंटरवरच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा ऐकलं. म्हणून तर मुकादमकाकांनी मशिनं बंद केली."

"ऐकायला?"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

मी कप उचलला. बाहेर मुकादम कुणावर तरी खेकसत होता, नेहमीसारखा. एवढे दिवस सगळ्यांना माहीत होतं. कुणी मला बसा म्हणालं नव्हतं, कुणी हळूहळू, मोठ्याने बोललं नव्हतं. चहात साखरसुद्धा नेहमीएवढीच होती, मी पिऊन पाहिला.

"ह्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"बाबा रोज कॅलेंडरसमोर उभे राहतात आणि मला विचारतात, आला का फोन. तुम्हाला विचारायची त्यांना भीती वाटते." मग तिने हिशेबाच्या आवाजात विचारलं, "आई, डॉक्टरांना कुठला नंबर दिला होतात?"

मी तोंडपाठ नंबर म्हणून दाखवला.

तिने दार उघडून थोरल्याला हाक मारली. मला पुन्हा म्हणायला लावलं. माझ्या मुलाचा चेहरा मी पुष्कळ वेळा पडलेला पाहिलाय, पण असा पांढरा पहिल्यांदाच.

"आई, हा नंबर त्या जुन्या डबीतून येतो. तू फेकून दिलीस ना, तिच्यातून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डॉक्टर फोन करत असेल. रोज करत असेल. तिकडे घंटी वाजत असेल आणि इकडे माझ्याच हुकमाने कुलूप त्याला म्हणत असेल, चालता हो.  आता बातमी लांब नव्हती, दाराशी उभी होती, इतके दिवस तिथेच होती.

डबी कचऱ्याच्या पेटीत नव्हती. मुकादमाने ती आधीच उचलून पुसून ठेवली होती, 'तार चांगली आहे' म्हणून. फोनवाला तिकडून त्याच्या कानातल्या यंत्रावरून थोरल्याला मोबाईलवर सांगत होता, हे दाब, ते काढ, कडक कुलूप सैल कर, घाबरू नको.  हे येऊन दारात उभे राहिले. मागे मुकादम, त्याच्या मागे इस्त्रीवाले. सगळी मशिनं थांबली. या वेळी मी कुणाला झाडलं नाही.

तार लागली. आम्ही फोनकडे बघत राहिलो. मीच दवाखान्याला लावावा असं सगळ्यांच्या मनात होतं, पण कुणाची म्हणायची हिंमत नव्हती. माझीही नव्हती. तेवढ्यात तोच वाजला.

स्क्रीनवर कुलूप नव्हतं. उघडा, सताड उघडा फोन. मी रिसीव्हर उचलला, कानाला लावला. डॉक्टर काहीतरी बोलत होता. "किती दिवस" एवढं कळलं, आणि मग माझा बरा कानही बंद झाला. त्याचं मन नव्हतं.

मी रिसीव्हर सुनेपुढे धरला.

"तू ऐक," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."

तिने घेतला. "हो, मी सून बोलतेय... हो... हो... नाही, फोन बंद होता..." ती माझ्याकडे बघत होती. बघणाऱ्या बाईचा चेहरा इतक्या वर्षांत मला वाचता आला नाही, आणि आता त्याच्यावरच सगळं लिहिलेलं होतं. तिचे डोळे भरले. मी ह्यांचा हात धरला. लाँड्रीत, सगळ्यांसमोर. लग्नानंतर असं काही आम्ही केलं नव्हतं.

"बरं... म्हणजे ते नाही ना? नक्की नाही?... हो, धरते."

तिने रिसीव्हर छातीशी दाबला. "आई, ते नाहीये. साधी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, ओरडून ओरडून झालेली."

मुकादम छताकडे बघायला लागला. इस्त्रीवाल्यांतला एक जण खोकला. हे खाली चादरींवर बसले, धुतलेल्यांवर, आणि मीही त्यांच्या शेजारी बसले. 

सून परत ऐकत होती. "हो... आजपासूनच?... अजिबात नाही?... कुजबुजायचंही नाही?"

तिने फोन ठेवला. "गाठ काढायची आहे, छोटं ऑपरेशन. पण त्याआधी घशाला सूज आहे. डॉक्टर सांगतील तोपर्यंत तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. या क्षणापासून."

लाँड्रीत एवढी शांतता मी कधी ऐकलेली नाही. मी एकेकाकडे बघितलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच डोळ्यांत आणखीही काहीतरी होतं, ज्याची मी चौकशी करणार आहे. थोरला सुटकेचा श्वास सोडत होता. त्यातला किती माझ्या घशासाठी होता आणि किती दुसऱ्या कशासाठी, तेही बघायचं आहे. मुकादमाने तर चक्क स्मित केलं.

मला या सगळ्यांना एक वाक्य ऐकवायचं होतं. फार सुंदर वाक्य होतं, आयुष्यात एखाद्याच वेळी सुचतं तसं, त्यात मुकादमापासून डॉक्टरपर्यंत सगळे बसत होते. मी श्वास घेतला, तोंड उघडलं.

सुनेने ओठांवर बोट ठेवलं.

मी तोंड मिटलं. कमरेच्या किल्ल्या चाचपल्या, जागेवर होत्या. मग हात वर करून मशिनघराकडे बोट दाखवलं, आणि सगळी लाँड्री पळत कामाला लागली. ते वाक्य मी गिळलं नाही, जपून ठेवलंय. रोज थोडी धार लावते.